आमच्या गोळ्या, आमचा होकार : सामाजिक न्यायमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : वृद्धाश्रम व सहायक निवासांतील औषध-व्यवस्थेत रहिवाशाच्या संमतीला स्थान देण्याबाबत.

महोदय,



मी निवृत्त औषधनिर्माती आहे. नोकरी रुग्णालयाच्या औषध विभागात केली आणि आता पुण्याजवळच्या एका सहायक निवासात राहते. स्वतःची खोली, दोन वेळचे जेवण, हाक मारली की येणारी सिस्टर आणि अंघोळीपासून गोळ्यांपर्यंत ज्याला लागेल तेवढी मदत, असे या निवासाचे स्वरूप आहे. मुले दूर असतात, गुडघे साथ देत नाहीत, एकट्याने घर चालवणे झेपत नाही, म्हणून माणसे इथे येतात. मीही तशीच आले. इथल्या जेवणाबद्दल किंवा स्वच्छतेबद्दल माझी तक्रार नाही. मी लिहिते आहे ते एकाच गोष्टीसाठी : म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात कोणती गोळी, किती वाजता आणि कोणाच्या होकाराने जाते, हे कोण ठरवते?

माझी मागणी आधीच सांगते. रहिवासी आपली औषधे स्वतः सांभाळू शकतो, हे गृहीत धरावे. तो सांभाळू शकत नाही असे वाटले, तर ते तपासून ठरवावे आणि लिहून ठेवावे. मदत त्याच्या संमतीने द्यावी आणि त्याने नकार दिला तर तो नकार डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा. राज्यातल्या प्रत्येक वृद्धाश्रमाला आणि सहायक निवासाला हे बंधनकारक करणारा नियम आपण करावा.

आज काय घडते ते पाहा. मी पाहिलेल्या बऱ्याच संस्थांच्या प्रवेश-अर्जात एक कलम असते : ‘रहिवाशाने सोबत आणलेली सर्व औषधे कार्यालयात जमा करावीत.’ रक्तदाबाची गोळी जाते, इन्सुलिन जाते, इसबगोल आणि हिंगाष्टकही जाते. काल संध्याकाळपर्यंत आपली औषधे स्वतः आणणाऱ्या, संपत आली की केमिस्टला फोन करणाऱ्या बाई आज सकाळी ओंजळ पुढे करून उभ्या राहतात. स्ट्रिपमधून काढलेल्या, नाव-गाव नसलेल्या पाच-सहा गोळ्या हातावर ठेवल्या जातात. ‘ही पिवळी कसली? कालपर्यंत नव्हती,’ असे विचारले तर उत्तर येते, ‘डॉक्टरांनीच दिली आहे आजी, घेऊन टाका.’ एका रात्रीत त्या बाईंची बुद्धी कमी झालेली नसते. त्यांचा पत्ता तेवढा बदललेला असतो.

संस्थाचालकांची बाजूही मला ठाऊक आहे आणि ती खोटी नाही. कोणी एकच गोळी दोनदा घेतो, कोणी शेजाऱ्याला आपली गोळी देतो, स्मृतिभ्रंश झालेला एखादा रहिवासी दुसऱ्याच्या खोलीतली बाटली उघडतो. काही अघटित घडले तर नातेवाईक संस्थेला जबाबदार धरतात. मेथोट्रेक्सेटसारखे संधिवाताचे औषध आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर माणूस दगावू शकतो. म्हणून काळजी हवीच. पण एकाला धोका आहे म्हणून साठ जणांची औषधे काढून घेणे ही संस्थेची सोय झाली. काळजी घ्यायची तर प्रत्येकाला वेगवेगळे तपासावे लागते.

रहिवाशाची निवड आणि त्याची सुरक्षितता या एकमेकींच्या विरोधात आहेत, असे धरून बहुतेक संस्था चालतात. माझा अनुभव उलटा आहे. ज्या माणसाचे शरीर आहे त्याला विचारले तर उपचार जास्त बिनचूक होतो. तीन उदाहरणे देते.

हृदयाच्या दुखण्यासाठी अनेकांना लघवीची गोळी असते. फ्युरोसेमाइड घेतले की तासाभरात लघवीला जावे लागते आणि पुढचे काही तास तेच चालते. संस्थेच्या तक्त्यात ती सकाळच्या गोळ्यांत बसवलेली असते. आता ज्या बाईंना सकाळी देवळात किंवा बँकेत जायचे आहे, त्या ती गोळी जिभेखाली लपवतात आणि नंतर थुंकून टाकतात. फायलीत नोंद होते ‘दिली’. डॉक्टर येतात, पाय सुजलेले पाहतात, ‘दिली’ असे वाचतात आणि मात्रा वाढवतात. त्या बाईंना कोणी विचारले असते, तर त्यांनी सांगितले असते की गोळीला माझी हरकत नाही, वेळेला आहे. डॉक्टरांशी बोलून बाहेर जायच्या दिवशी ती गोळी दुपारी घेता येते. नुसते विचारले असते तरी हे सुटले असते.

दुसरे उदाहरण पार्किन्सनचे. लेव्होडोपा या औषधाचा अंमल फार वेळ टिकत नाही. आजार पुढे गेलेल्या माणसाला दिवसातून पाच-सहा वेळा, ठरल्या वेळी ते लागते. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तर हातपाय जखडतात, घास गिळवत नाही, खुर्चीतून उठता येत नाही. डाळ-दुधासारख्या प्रथिनयुक्त जेवणाबरोबर घेतले तर काहींच्या बाबतीत त्याचा परिणाम कमी होतो. हे त्या माणसाला वर्षानुवर्षांच्या सवयीने कळलेले असते. घड्याळ न पाहता तो सांगतो की आता गोळी हवी. पण संस्थेचा राउंड सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठला असतो आणि गोळ्या कुलपात असतात. घरी स्वतः चालणारा माणूस अशा वेळापत्रकामुळे व्हीलचेअरवर येतो आणि सगळे म्हणतात, आजार वाढला. ब्रिटनमधल्या पार्किन्सनच्या रुग्णसंघटनेला रुग्णालयांकडे ‘औषध वेळेवर द्या’ एवढ्याच मागणीसाठी मोहीम चालवावी लागली होती, यावरून ही अडचण आपल्यापुरती नाही हे दिसते.

तिसरे उदाहरण आपल्या घरातले. आषाढी एकादशी. मधुमेह असलेले आजोबा पन्नास वर्षे उपास करत आलेले. ते जेवणाला नाही म्हणतात, पण ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे दिले जाते, कारण गोळ्यांचा तक्ता एका टेबलावर आणि स्वयंपाकघराची यादी दुसऱ्या टेबलावर. दुपारी त्यांना दरदरून घाम येतो, बोलणे असंबद्ध होते आणि साखर धोक्याच्या खाली गेलेली असते. ‘म्हणून उपास बंद’ असा आदेश काढणे सोपे आहे. पण त्या माणसाची एकादशी हा त्याच्या आयुष्याचा भाग आहे. आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारून त्या दिवसाची मात्रा ठरवता येते, भगर-शेंगदाण्याच्या फराळाच्या वेळा नक्की करता येतात, साखर दोनदा जास्त तपासता येते. उपास करायचा की नाही हे त्यांनी ठरवावे. तो सुरक्षित कसा होईल हे आपण पाहावे. मदत या शब्दाने मला एवढेच अपेक्षित आहे.

आता कायद्याकडे येते, कारण मी काही नवीन हक्क मागत नाही.

२००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता : ४४ वर्षांच्या स्त्रीला तपासणीसाठी भूल दिलेली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली, हे वैध आहे का? न्यायालयाने सांगितले की नाही. सज्ञान, निर्णयक्षम व्यक्तीच्या वतीने तिची आईसुद्धा संमती देऊ शकत नाही, जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल तेवढा अपवाद. मग आईच्या गोळ्यांना मुलाची संमती कशी पुरते? ९ मार्च २०१८ रोजी कॉमन कॉज खटल्याच्या निकालात घटनापीठाने निर्णयक्षम प्रौढ व्यक्तीचा उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ४ तर प्रत्येक संस्थाचालकाने वाचावे असे आहे. मानसिक आजार असलेली व्यक्तीही माहिती समजून घेऊ शकत असेल, परिणाम ओळखू शकत असेल किंवा आपला निर्णय कळवू शकत असेल, तर ती निर्णयक्षम मानावी असे ते सांगते. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याची निर्णयक्षमता गेली असे ठरत नाही, हेही त्यात लिहिले आहे. मनोरुग्णालयातल्या रुग्णाला हा देश जो मान देतो, तो डोके शाबूत असलेल्या आणि पैसे भरून राहणाऱ्या आजीबाईंना मिळू नये, याला काही आधार नाही.

महोदय, यापुढचा भाग लिहिताना मला जास्त त्रास होतो. औषध न देण्यापेक्षा नको ते औषध देण्याचा धोका अशा ठिकाणी मोठा असतो. रात्री हाका मारणारे, कॉरिडॉरमध्ये फेऱ्या घालणारे, ‘मला घरी जायचे आहे’ असे सारखे म्हणणारे रहिवासी प्रत्येक संस्थेत असतात. रात्रपाळीला एक सिस्टर आणि एक मावशी असतात. अशा वेळी अल्प्राझोलामची एक गोळी सगळ्यांना शांत झोप देते. त्या शांततेची किंमत सकाळी कळते : तोल जातो, न्हाणीघरात माणूस पडतो, खुब्याचे हाड मोडते, आणि त्यानंतर अनेकजण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत. झोपेच्या अशा गोळ्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत, असे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगते आहे. अमेरिकेतले डॉ. मार्क बियर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांसाठी अयोग्य औषधांची यादी सहकाऱ्यांबरोबर तयार केली, ती मुळात शुश्रूषागृहांतल्या रहिवाशांसाठीच होती. ती यादी आजही अद्ययावत केली जाते आणि या गोळ्या तिच्यात आहेत.

स्मृतिभ्रंश झालेल्यांना गप्प करण्यासाठी मनोविकारावरची औषधे दिली जातात, तो प्रकार याहून गंभीर आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा चौकटीतला ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या पिढीच्या औषधांसाठी आणि २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठीही दिला. कधीकधी ती लागतात, हे मी नाकारत नाही. स्वतःला किंवा इतरांना इजा होईल अशी अवस्था असेल, बाकीचे उपाय थकले असतील, तर डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी, लहान मात्रेत द्यावीत आणि पुन्हा पाहावे. पण त्याआधी त्या माणसाला बद्धकोष्ठ आहे का, लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, दुखते आहे का, कानातले यंत्र हरवले आहे का, एवढे तरी कोणी पाहिलेले असावे.

आपल्याकडची एक विसंगती लक्षात आणून देते. अल्प्राझोलाम हे औषध अनुसूची एच-१ मध्ये आहे. दुकानदाराने ते विकताना डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपायची, असा केंद्र सरकारचा नियम आहे. म्हणजे गोळी दुकानातून बाहेर पडेपर्यंत तिच्यावर नजर आहे. ती वृद्धाश्रमाच्या कपाटात पोहोचली की पुढे कोणाला, किती दिवस, कशासाठी दिली, हे विचारणारे कोणी नाही.

दुसरी प्रथा म्हणजे गोळी कुटून वरणभातात किंवा शिऱ्यात कालवून देणे. करणाऱ्याच्या मनात वाईट नसते. ‘आजोबा घेतच नाहीत, काय करणार?’ असे मावशी काकुळतीने सांगतात. पण सावकाश विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. आम्लापासून वाचवणारे आवरण असलेली गोळी कुटली की ती निरुपयोगी होऊ शकते. आणि एकदा वरणाची चव कडवट लागली की आजोबा वरणभातच सोडतात. औषध गेले, अन्न गेले आणि विश्वासही गेला. निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला लपवून औषध देणे ही फसवणूक आहे आणि तिला संस्थेत जागा नसावी. ज्याची समज खरोखर गेली आहे त्याच्याबाबतही हा निर्णय एकट्या मावशींनी घ्यायचा नसतो. डॉक्टर, औषधनिर्माता आणि जवळचे नातेवाईक यांनी बसून, लिहून, ठराविक मुदतीसाठीच तो घ्यावा.

निर्णयक्षमता ही दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद नसते. सुरुवातीचा स्मृतिभ्रंश असलेल्या बाईंना शस्त्रक्रियेचे फायदे-तोटे तोलता येणार नाहीत, पण ‘ही गोळी घेतली की मळमळते’ हे त्या नक्की सांगू शकतात. सकाळी त्यांना जे समजते ते संध्याकाळी समजत नाही, म्हणून महत्त्वाचे बोलणे सकाळी करावे. आणि स्वतः गोळ्या घेण्यातही पायऱ्या आहेत. कोणी सगळे स्वतः करतो. कोणाला आठवड्याची डबी भरून दिली की पुरते. कोणाला नुसती आठवण हवी. कोणाला स्ट्रिपमधून गोळी काढून हवी, कारण बोटांत जोर नाही. कोणाच्या थेट हातात द्यावी लागते. जो ज्या पायरीवर आहे तिथेच त्याला मदत मिळाली पाहिजे. आज सगळ्यांना शेवटच्या पायरीवर नेऊन बसवले जाते.

नकार हीसुद्धा माहिती असते. स्टॅटिन नको म्हणणाऱ्याचे स्नायू दुखत असतील. लोहाची गोळी टाळणाऱ्याला शौचाला त्रास होत असेल. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, ती सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी येते, तिने पोटॅशियम कमी होते, मग त्याचे औषध येते. एका गोळीच्या दुष्परिणामावर दुसरी गोळी, अशी ही साखळी असते. ती तोडायची तर ‘तुम्हाला कोणती गोळी नकोशी वाटते आणि का?’ हा प्रश्न डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी विचारावा. उलट, झोपेची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याने ती एका रात्रीत सोडली तर झटके येऊ शकतात, हेही त्याला कोणीतरी नीट समजावले पाहिजे. माहिती दिल्याशिवाय घेतलेला होकार अपुरा, तसाच माहितीशिवाय दिलेला नकारही अपुरा. घरच्या काढ्याचेही तसेच. ज्येष्ठमध सतत पोटात गेले तर रक्तदाब वाढू शकतो आणि पोटॅशियम कमी होऊ शकते. म्हणून रहिवाशाचे चूर्ण जप्त करण्याऐवजी ते त्याच्या औषधांच्या यादीत लिहावे.

इतर देशांनी हे कसे हाताळले तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेने १९८७ मध्ये शुश्रूषागृहांसाठी कायदा केला. सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून औषध देऊन माणसाला जखडू नये, असा रहिवाशाचा हक्क त्यात आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१४ मध्ये केअर होममधल्या औषधांसाठी मार्गदर्शिका काढली. तिची सुरुवातच या गृहीतकावर आहे की रहिवासी स्वतः औषधे घेऊ शकतो, तपासणीत वेगळे दिसले तरच नाही. औषध देणाऱ्याने पाळायच्या सहा गोष्टी तिच्यात आहेत : योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मार्ग, योग्य मात्रा, योग्य वेळ, आणि सहावी गोष्ट म्हणजे नकार देण्याचा हक्क. ब्रिटनला हे करावे लागले, कारण तिथेही कारभार आदर्श नव्हता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५५ केअर होममधल्या २५६ रहिवाशांची पाहणी झाली, तेव्हा दर दहांपैकी जवळपास सात जणांच्या औषधांत किमान एक चूक सापडली. लिहिण्यात, दुकानात, देण्यात, तपासणीत, सगळीकडे चुका होत्या. तिथे परवाने आहेत, तपासनीस आहेत, तरी हे असे. आपल्याकडे कोणी मोजतच नाही.

आपल्याकडचा कायदा कुठे उभा आहे? आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ चा. त्याच्या कलम १९ ने प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद केली आणि वृद्धाश्रमांतल्या सेवांची, त्यात वैद्यकीय सेवेचीही, मानके ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला. पैसे घेऊन चालणाऱ्या खासगी निवासांची नोंदणी आणि किमान मानके आणणारे दुरुस्ती विधेयक केंद्राने डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले; ते मंजूर झाले नाही आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्द झाले. त्याच वर्षी महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी लिफ्ट, रॅम्प, दरवाजांची रुंदी अशी मानके ठरवली. ते चांगलेच झाले. पण त्या रुंद दारातून आत गेल्यावर माणसाच्या औषधांचे काय होते, हा बांधकामाच्या नियमांचा विषय नाही. तो आपल्या खात्याचा विषय आहे. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीपुढची माणसे एक कोटीहून अधिक होती. सार्वजनिक आरोग्य हा विषय घटनेने राज्यांच्या सूचीत ठेवला आहे. दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या शब्दांत मांडते.

१. राज्यातल्या प्रत्येक वृद्धाश्रमाची आणि सहायक निवासाची, खासगी असो वा अनुदानित, नोंदणी सक्तीची करा, आणि औषध-व्यवस्थेची मानके त्या नोंदणीची अट असू द्या.

२. प्रवेशावेळी सरसकट औषधे जमा करून घेण्यास बंदी घाला. प्रत्येक खोलीत कुलूप असलेला खण द्या. कोणाला किती मदत हवी, हे सिस्टर किंवा डॉक्टरांनी रहिवाशासमोर बसून ठरवावे, लिहावे आणि प्रकृतीत बदल झाला की पुन्हा पाहावे.

३. प्रत्येक रहिवाशाकडे त्याच्या औषधांचा मराठीत, किंवा त्याला वाचता येईल त्या भाषेत, मोठ्या अक्षरांतला तक्ता असावा : औषधाचे नाव, कशासाठी, किती वाजता. रुग्णालयातून परतल्यावर डिस्चार्ज कार्डाशी तो त्याच दिवशी पडताळावा.

४. नकाराची नोंद ‘नकार’ अशीच व्हावी, कारणासह, आणि डॉक्टरांना कळवावी. नकारासाठी रागावणे, जेवण अडवणे किंवा ‘मुलाला फोन करते’ असे धमकावणे हा गैरव्यवहार मानावा.

५. झोपेची आणि मनोविकाराची औषधे लेखी कारण आणि मुदतीशिवाय देऊ नयेत. ‘गरज पडल्यास’ एवढ्या शेऱ्यावर ती देणे बंद व्हावे. लपवून औषध देण्यावर वर सांगितलेली बंधने असावीत.

६. डॉक्टर आणि केमिस्ट निवडण्याचा हक्क रहिवाशाचाच राहावा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेत औषध कुठून घ्यावे हे निवडण्याचा हक्क आहे. जनऔषधी केंद्रातून स्वस्त औषध आणणाऱ्याला संस्थेच्या दुकानातूनच घ्या, असे सांगता येऊ नये.

७. औषध हाताळणाऱ्या प्रत्येकाला प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्या. जवळच्या औषधनिर्माण महाविद्यालयांना या कामात जोडून घ्या. रहिवाशांच्या औषधांचा आढावा हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम धडा ठरेल.

सातव्या मागणीबद्दल आणखी थोडे. संस्थांमधल्या मावशी, मामा, काळजीवाहक मुली यांच्याविरुद्ध हे पत्र नाही. बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, एकाच वेळी वीस जणांच्या गोळ्या आणि अधूनमधून वाजणारी बेल, अशा स्थितीत ही माणसे काम करतात. गोळ्या काढताना मध्येच कोणी हाक मारली की चूक होते, हे मी रुग्णालयात शिकले. चूक लपवावी लागणार नाही असे वातावरण, पुरेसे हात आणि नीट शिक्षण, हे त्यांना मिळाले तर आमचा हक्क आपोआप अर्धा जपला जाईल.

आणि या पत्राच्या निमित्ताने दोन शब्द मुलांसाठी. न्यू जर्सीहून किंवा मेलबर्नहून, मुंबईहून किंवा बंगळुरूहून तुम्ही दरमहा पैसे पाठवता, रात्री व्हिडिओ कॉलवर विचारता, ‘आईने गोळ्या घेतल्या ना?’ तुमची काळजी खरी आहे. पण तो प्रश्न व्यवस्थापकाच्या आधी आईला विचारा. ‘गोळ्या घेतल्यास का?’ याबरोबरच ‘कोणती गोळी त्रास देते?’ असेही विचारा. संस्थेचा अर्ज भरताना औषधांचे कलम वाचा आणि सही करण्याआधी आईला वाचून दाखवा. बिल भरणाऱ्याला उपचारांविषयी सल्ला देता येतो; आईचा होकार त्याला विकत घेता येत नाही.

ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि त्यांच्या राज्य महासंघाने, फेस्कॉमनेही हा विषय आपल्या मागण्यांत घ्यावा, अशी विनंती करते. प्रवास सवलत आणि पेन्शन यांच्या रांगेत औषधावरच्या हक्कालाही जागा हवी.

महोदय, यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. कुलूप असलेला खण, मोठ्या अक्षरांतला कागद, नोंदवहीत नकारासाठी एक रकाना आणि डॉक्टरांनी दर काही महिन्यांनी विचारलेला एक प्रश्न, एवढ्याने सुरुवात होईल. २००७ च्या कायद्याखालचे राज्याचे नियम २०१० चे आहेत. त्यांत औषध-व्यवस्थेचे प्रकरण घाला आणि खासगी निवासांसाठी स्वतंत्र विधेयक विधिमंडळात आणा. मसुदा करताना समितीत डॉक्टर, संस्थाचालक आणि अधिकारी असतीलच. पण ज्यांच्या तोंडात त्या गोळ्या जातात, त्या रहिवाशांपैकी किमान दोघांना तिथे बसवा. बोलावणे आले तर मी येईन.

आपली,
एक रहिवासी व निवृत्त औषधनिर्माती,
पुणे